हाताने कापलेलं पॅकिंग

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्र एकदा हातात आलं की वाचावंच लागतं.

बाबांची तब्येत बरी आहे. तुझी बायको आणि पोरगी मजेत असतील. झालं, आता मुद्द्याचं.

मी बाबांच्या स्कूटरच्या इंजिनाचं हेड उघडलं. हो, मीच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी पोरांनी मोडलेली उपकरणं जोडत आलेय, तेव्हा चार नट सोडवायला मला मुहूर्त लागत नाही. गेल्या वर्षी तू सुट्टीवर आलास, दुपारभर शेडमध्ये खुडबुड केलीस आणि हात पुसत बाहेर येऊन निकाल दिलास: इंजिन गेलं, आत कार्बन दाटलाय, हेडखालचं चकतीसारखं गॅस्केट जळलंय, ते आता मिळत नाही, गाडी भंगारात द्या. चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाने, ज्याला कारखान्यात ‘मायक्रोमीटर’ म्हणायचे त्याने, पोटच्या पोराचा शब्द न मोजता घेतला. तेव्हापासून ते घरात आहेत. पूर्वी रोज सकाळी गाडी काढून जुन्या सोबत्यांकडे जायचे. आता खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुणाचा प्लग गेलाय ते मला सांगतात.

म्हणून दोन रविवार घातले. फरशीवर जुनी चादर, शेजारी खुर्चीत बाबा. सायलेन्सर काढला तर धूर जायच्या तोंडाशी कार्बन इतका बसलेला की माझी करंगळी जाईना. बाबांच्या सांगण्यावरून पिस्टन वर आणला, त्याच्या कडेला ग्रीस भरलं म्हणजे खरवडलेला कच खाली पडू नये, आणि लाकडी उलथन्याचा दांडा तासून मी त्याने हळूहळू खरवडत बसले. मग रॉकेलचा बोळा. बाबा नखाने चाचपायचे आणि म्हणायचे, अजून आहे. तिसऱ्या वेळेला म्हणाले, आता पुरे, सोनाराचं दुकान नाहीये. वर्षभरात ते पहिल्यांदा हसले, हे तुला मुद्दाम कळवते.

आणि गॅस्केट. जुन्या पार्टवाल्याकडे खिळ्याला तीन लटकत होती. आपलं जुनं तर जळलंही नव्हतं. तेव्हा तू आळस केलास की खोटं बोललास, एवढंच ठरवायचं उरलंय.

गाडी अजून सुरू झालेली नाही. होईल.

लोभ आहे असं धरून चालते.
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पत्र घराऐवजी डेपोच्या पत्त्यावर धाडलंस, ते मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर फोडलं. त्यामुळे आता झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की माझ्या बहिणीने चादरीवर इंजिन उघडलं. फोरमन म्हणाले, बाईंना बोलावून घ्या, दोन बसची हेडं खोळंबलीत.

कुणाला विचारून हात लावलास? मी या धंद्यात अठरा वर्षं आहे. उलथन्याने कार्बन काढणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. नट कर्णावर, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरचा असे आवळलेस, की बरणीच्या झाकणासारखे जसे हाताला आले तसे? एक कण जरी आत राहिला असला तर सिलिंडरला चरा पडेल, मग बस पुसत. मी भंगारात द्या म्हटलं ते काही गंमत म्हणून नाही. तुला वाटतं, आपण शिकलो म्हणजे आपल्याला सगळं येतं, आणि धाकटा हाताने काम करतो म्हणजे डोक्याने करत नसणार.

हे सगळं तू डायरीत लिहिलं असशील, शेवटी स्वतःला दोन दोष दिले असशील आणि शांत झोपली असशील. तुझं हे बरं असतं. आधी करायचं ते करायचं, मग वळणदार अक्षरात पश्चात्ताप करायचा. आम्हाला ती सोय नाही.

आता ऐक. बाबांना किक मारू देऊ नकोस. पुढे काहीही उघडू नकोस, कार्बुरेटर तर मुळीच नाही. मे महिन्यात येईन तेव्हा मी बघेन. बाबांना नमस्कार सांग, आणि हे पत्र वाचून दाखवू नकोस.

माया कमी झालेली नाही, सहनशक्ती झाली आहे.
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायचे म्हणून देते.

उघडू नकोस म्हणालास त्याच्या आदल्या दिवशीच मी कार्बुरेटर सोडवला होता. तुझं पत्र आलं तेव्हा तुझी ती वस्तू माझ्या टेबलावर पुस्तकाखाली होती.

शंभर किक मारून झाल्या होत्या. प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत. बाबा म्हणाले, पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये, कार्बुरेटर काढ. एवढं सांगून ते आंघोळीला गेले म्हणून बरं. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जे बसतं, ज्याला तुम्ही लोक पॅकिंग म्हणता, ते माझ्या हातात आलं. बोल्टची दोन भोकं जागच्या जागी, कडा सुरेख. मधलं भोक मात्र नाही. ज्यातून इंजिनाला श्वास मिळायचा, तिथे अखंड पुठ्ठा.

हे चुकून होत नाही. पार्टवर पुठ्ठ्याचं शीट ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकत पॅकिंग कसं कापायचं, हे बाबांनी आपल्याला ओट्यावर बसवून शिकवलं होतं. माझं फाटायचं, तुझं कधी फाटलं नाही. हा हात तुझाच आहे, आणि गाडी बिघडलेली नव्हतीच. तू ती गळा दाबून बंद पाडलीस, वर कार्बनच्या नावाने गळा काढलास. कार्बन निघाला खरा, पण तेवढ्याने गाडी बंद पडली नसती, हे आता मलाही कळतं.

का? बसस्टॉपपर्यंत चालत जाऊन धापा टाकत परत येणारे बाबा तू पाहिले नाहीस, मी पाहिलेत. त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच शेडमध्ये, त्यांनीच शिकवलेल्या हाताने तू हे केलंस. याला भित्रेपणा म्हणू की दुसरं काही, मी पाच दिवस शब्द शोधतेय.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. कार्बुरेटर साफ करून ठेवलाय एवढंच सांगितलं. गेली दहा-बारा वर्षं मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, तेही तुझ्यापायी झालं. मधलं भोक असलेलं पॅकिंग मी कापून ठेवलंय. वीस तारखेपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर ते बसवते.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार.

उत्तर हवंय ना, घे.

गेल्या वर्षी सुट्टीत मी बाबांच्या मागे बसून बाजारात गेलो होतो. बँकेच्या वळणावर डावीकडून एक बाई रस्ता ओलांडत होती. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात चार वर्षांची पोर. बाबांनी वेग कमी केला नाही. हॉर्न नाही, ब्रेक नाही. हँडल बाईच्या कोपराला लागलं, किटली उडाली, ती पोरीसकट खाली बसली. मी ओरडलो तेव्हा ते थांबले. मी धावत गेलो, पोरीला उचललं, हातापाया पडलो. पोरीच्या गुडघ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. परत आलो तर बाबा गाडीवर बसूनच होते, आणि मला विचारलं, कोण भांडतंय रे तिकडे.

त्यांना दिसलीच नव्हती, ताई. बाई नाही, पोर नाही, पांढरंशुभ्र सांडलेलं दूध नाही. डावी बाजूच त्यांना नव्हती.

त्यांना ते कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. संध्याकाळी एवढंच म्हटलं, की डोळे दाखवून येऊ. त्यांनी हातातला पाना भिंतीवर फेकला. म्हणाले, सूत-सूत मापणाऱ्याला तू डोळे दाखवायला सांगतोस, आधी तुझ्या बसचे ब्रेक बघ. दुसऱ्या दिवशी मी पॅकिंग कापलं. मला बोलता येत नाही, हाताने येतं ते केलं. लायसन काढून घेणं, चावी लपवणं, चारचौघांत म्हातारा आंधळा म्हणणं, यापेक्षा गाडी मेली म्हणणं मला बरं वाटलं. गाडी मेली तर माणसाचा अपमान होत नाही.

आता माझा प्रश्न. घरात तू असतेस. रोज समोर बसून जेवतेस. तुला वर्षभरात काहीच दिसलं नाही? की दिसलं, आणि डायरीत लिहून ठेवलंस?

माझं पॅकिंग परत बसव. तुझं बसवलंस, तर पुढची बाई तुझ्या नावावर.

धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून देते, पण राग गेलाय असं समजू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. दिसलं होतं. बाबा पाणी ओततात ते पेल्याच्या डावीकडे. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतात आणि चौकटीला शिव्या देतात. मी वाटेतलं स्टूल हलवलं, पेला उजवीकडे ठेवायला लागले, आणि वय झालं म्हणून गप्प बसले. हे डायरीतही लिहिलेलं नाही. काल मागची पानं चाळून पाहिली, एक ओळ नाही. दोन रविवार मी कार्बन खरवडला तो बाबांसाठी की मला चांगली मुलगी व्हायचं होतं म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. तू गाडीचा गळा दाबलास आणि मी डोळे मिटले. यात उजवं कोण ते ठरवायला नको.

तुझं पॅकिंग मी परत बसवलं नाही. ते बाबांच्या हातात दिलं आणि कुणी, कधी केलं आणि तुम्हाला डावीकडचं दिसत नाही म्हणून केलं, एवढं सांगितलं. त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काम स्वच्छ आहे म्हणाले.  मग दोन दिवस ताट खोलीत नेऊन जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले आणि म्हणाले, तुझं बसव, गाडी सुरू कर.

तिसऱ्या किकला झाली. अंगणभर निळा धूर, मग आवाज एकसारखा लागला. ते स्टँडवरच्या गाडीवर बसले, हँडल धरलं आणि मला डावीकडच्या भिंतीशी जाऊन उभं राहायला सांगितलं. ते सरळ समोर फाटकाकडे बघत राहणार, मी भिंतीपासून चालत त्यांच्याकडे यायचं, न बोलता. मी दिसले की ते थांब म्हणणार. इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे पावलं ऐकू येणार नाहीत. ही युक्ती त्यांचीच.

मी निघाले. भिंतीपासून गाडीपर्यंत सोळा पावलं आहेत. आठव्याला वाटलं, आता म्हणतील. बाराव्याला मी मुद्दाम हात हलवला. सोळाव्याला मी त्यांच्या कोपराला लागून उभी होते, त्यांच्या शर्टाचं लोंबतं बटण मला दिसत होतं.

तेव्हा समोर बघतच त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं, “अगं, निघालीस का?”

 क्लचवरच्या त्यांच्या हातावर मी हात ठेवला. ते एवढे दचकले की गाडी स्टँडवरून घसरायची वेळ आली.  मग चावी फिरवून इंजिन त्यांनीच बंद केलं.

संध्याकाळी बोलले. म्हणाले, डोळे माझे गेले, तुमची तोंडं कशाने गेली? मी तुझी बाजू घेतली, की त्याने एकदा विचारलं होतं, तुम्हीच पाना फेकलात. म्हणाले, एकदा. लेथवर एकदा मोजून कोणी माल सोडतं का? डॉक्टरांकडे उद्या सकाळची वेळ घेतली आहे. ते माझ्याबरोबर बसने येणार आहेत, आणि बसमध्ये मी त्यांचा हात धरायचा नाही असं मला आताच बजावलंय.

झोपायला जाताना त्यांनी विचारलं, त्याने हे एवढ्यावरून केलं नसणार, आणखी काही आहे का. मी आहे म्हटलं. काय, म्हणाले. मी म्हटलं, ते त्याने सांगायचं आहे.

बँकेच्या वळणावरचं मी सांगणार नाही. मे महिन्याची वाट बघू नकोस, या रविवारी ये. मी त्यांना तू येतोस असं सांगून टाकलंय. ते मान हलवून म्हणाले, येऊ दे, मी जागचा हलत नाही.

तुला भेटायची इच्छा नाही, पण ये.
ताई