सदतीस नंबरचा बिल्ला

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. हेमलतेस, दादाचे अनेक आशीर्वाद.

आजोबांची वही अखेर वाचून झाली. बिकानेरकडच्या वाळवंटात, कोळशाच्या खाणीवर ते हजेरी कारकून होते, तेव्हाची. साल १९१३. खाली उतरताना मजुराला पितळी बिल्ला मिळे. वर येऊन परत केला की घागरभर पाणी. एकदा खेताराम नावाच्या मजुरानं आपला सदतीस नंबरचा बिल्ला सोबत्याबरोबर वर पाठवला. त्याला उशीर होता, घरी बाळंतीण तहानलेली. आजोबांना दया आली. पाणी दिलं, बिल्ला फळ्यावर टांगला.

फळा भरलेला पाहून, सगळे वर आले असं समजून साहेबानं खाणीचं ते जुनं तोंड सुरुंगानं बुजवलं. आजोबांनी हजेरीत लिहिलं, ‘फरार’. खरं काय ते फक्त वहीत.

सकाळी बागेत शाळेतल्या कविता म्हणतो, तर यमकाच्या जागी ‘सदतीस’ येतं. भाजीवाली अक्का विचारते, कुणाला हाक मारता अण्णा? नात स्वानंदीनं खेतारामच्या घरचा नंबर मिळवलाय. सांगून टाकावं म्हणतो.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा दादा

पुणे, १२ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

शाळेत पाठांतराचं बक्षीस मिळालं तेव्हापासून तू असाच, एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाहीस! माझ्या नातवाला आजोबांचं नाव दिलंय, विसरलास? तहानलेल्याला पाणी देणाऱ्या माणसाला शंभर वर्षांनी गुन्हेगार करणार? फोन केलास तर माझ्याकडे येऊ नकोस.

गुडघ्याला तेल लाव. रागावले तरी माया तीच.
हेमा

बेंगळुरू, १ मार्च

चि. हेमास, आशीर्वाद.

फोन केला. खेतारामची नात सत्यवती ऐंशीची आहे. म्हणाली, आम्ही पळपुट्याची अवलाद म्हणून वाढलो. वडील जन्मभर त्यांना गावोगाव शोधत फिरले. मग तिनं विचारलं, ते तोंड नेमकं कुठं होतं? वहीत पाहून सांगितलं, विहिरीच्या उगवतीला, चाळीस पावलांवर.

तिथं तर माझं स्वयंपाकघर आहे, म्हणाली.

मागे सुना भांडी आपटत होत्या. तिनं त्यांना गप्प केलं. त्यानंतर आजोबांविषयी एक कडू शब्द नाही, हेमा. फक्त फार हळू बोलत राहिली, घरात कुणाचा तरी डोळा लागला असावा अशी.

येऊ नको म्हणालीस, येणार नाही. पण लिहीत जा.
दादा