मागच्या वेळी गॅसच होता

बाबा, आज क्लासमध्ये एका मुलावर मी उगीच ओरडले. राग तुमच्यावरचा होता, निघाला त्याच्यावर. सोनागिरीत मी इथल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांची बँकेच्या परीक्षेच्या रीझनिंगची तयारी करून घेते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी स्वतःच त्या परीक्षेला बसणार होते. आज फळ्यावर प्रश्न होता: मागच्या वर्षी रस्त्यावर पाणी साचलं ते नाली तुंबल्यामुळे, म्हणून यंदाही नालीच तुंबली असणार, हा युक्तिवाद कुठे कच्चा आहे? मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मॅडम, ये तो सीधा है. एक बार जो कारण था, वही हर बार थोड़ी होगा." बरोबर होतं. पोरं पुढच्या प्रश्नाकडे वळली आणि मी खडू आपटून म्हटलं, "फिर? नाली देखने कौन जाएगा?" सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. परीक्षेत नाली बघायला जायचं नसतं, हे मीच त्यांना शिकवलंय.

आणि मला शिकवलंत तुम्ही. कारखान्यात तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होतात. मशीनवरून उतरलेला जॉब समोर आला की खोट असेल तिथे खडूने गोल काढायचा, लाल चिठ्ठी बांधायची, पुढचा जॉब. "दुरुस्त करणं कारखान्यातल्या दुसऱ्या शॉपचं काम, बेटा. खोट दाखवली की आपली ड्यूटी संपली." क्वार्टरमध्येही तोच कारभार. आईने नुसतं म्हणायचा अवकाश, "शेजारणीने त्या नव्या दुकानातून तूरडाळ आणली, छान शिजली, आपणही तिथूनच आणू," की तुम्ही पोह्यांचा चमचा उगारून माझ्याकडे बघायचात. "खोट कुठे?" मी म्हणायचे, "एका किलोवरून अख्खं पोतं ठरवलं." "शाब्बास!" आई वैतागायची, "बसा दोघं खोट काढत, मी जाते डाळ आणायला." तुम्ही मला कधी जवळ घेतलं नाहीत, गोड बोलणं तर तुमच्या गावीच नव्हतं. जे काही मिळायचं ते त्या एका शाब्बासकीत, म्हणून मी दिसेल त्यात खोट शोधत सुटायचे.

तो जानेवारीतला रविवार. दुपारची वेळ, आई पलीकडच्या ब्लॉकमध्ये हळदीकुंकवाला गेलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी सरावाचा पेपर सोडवते आहे, तुम्ही समोर घड्याळ घेऊन बसला आहात. मध्येच तुम्ही छातीवर मूठ दाबता. "काय झालं, बाबा?" "काही नाही गं, गॅस. मागे असंच दुखलं होतं, डॉक्टर गॅसच म्हणाले होते, सोडा घेतला, उतरलं. म्हणजे आताही गॅसच." आणि मग, देवाशप्पथ, तुम्ही भुवया उडवून विचारता, "बोल, यात खोट कुठे?" मी क्षणात सांगते, "मागच्या वेळी गॅस होता म्हणून या वेळीही गॅसच, असं ठरत नाही. कारण दुसरंही असू शकतं." "शाब्बास!" तुम्ही हसता, खायचा सोडा पाण्यात ढवळून पिता, "जरा पडतो" म्हणून आत जाता. मी पुढचा प्रश्न घेते. खोट सापडली होती ना! कारखान्याचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर, शेजारच्या काकांची स्कूटर दारात उभी, आणि आपण बापलेक उत्तर बरोबर आलं म्हणून खूश. आई वाण घेऊन परत आली, तुम्हाला चहाला उठवायला गेली, तेव्हा सगळं संपलं होतं.

इतका राग येतो तुमचा, बाबा! जन्मभर लोकांच्या जॉबवर चिठ्ठ्या बांधल्यात, आणि स्वतःवरची चिठ्ठी पोरीकडून वाचून घेऊन वर तिलाच शाब्बासकी दिलीत? एकदा तरी म्हणायचं होतंत, "चल, दाखवून येऊ." बरं, मी तरी कुठे म्हटलं? लोक समजूत घालतात, तू काय करणार होतीस, लहान होतीस. लहान कसली, बावीस वर्षांची घोडी होते. ती परीक्षा पास झाले, नोकरी केली, कंटाळून सोडली, आणि आता तोच धडा दुसऱ्यांच्या पोरांना घोटवते आहे. उद्या त्या मुलाची माफी मागावी म्हणते.

हे पत्र आईच्या हाती लागता कामा नये, म्हणून फाडूनच टाकेन. ती अजूनही येईल त्याला सांगते, "झोपेतच गेले हो, कुणाला काही कळलंच नाही," आणि मी मान हलवते. या पेपरांचा एक नियम असतो: प्रश्नात दिलंय तेवढंच धरायचं, बाहेरचं काही आणायचं नाही. तुम्ही गॅस म्हणालात, मी गॅस धरला. पण थंडी अशी होती की मी स्वेटर घालून कुडकुडत होते, आणि तुम्ही उठून आत निघालात तेव्हा तुमच्या शर्टाची पाठ घामाने चिंब होती. मी पाहिलं होतं, बाबा. पेपरची अकरा मिनिटं उरली होती.