परवानगीशिवाय चालणारे प्रोग्रॅम

६ ऑगस्ट, सकाळी ९
कंप्युटर चालू व्हायला अकरा मिनिटं. चहा संपला तरी पडदा काळाच. कित्वेच्या खाणीत सव्वीस वर्षं हवा खेळती ठेवायचं काम केलंय मी. कुठे काय अडलंय ते मला वासावरून कळतं. आत कोणीतरी बसलंय.

७ ऑगस्ट
यादी उघडली. पाठीमागे, मला न विचारता, त्र्याण्णव प्रोग्रॅम चालू. ओळखीचे चार. ठराव: रोज पाच बंद.

९ ऑगस्ट
पंधरा बंद. स्पीकरचा आवाजही गेला. एक परत चालू केला. अनुभवातून शिकतोय.

११ ऑगस्ट
हेर सापडला. नाव म्हणजे नुसती अक्षरं. दर तासाला जागा होतो आणि लुसाकाला काहीतरी पाठवतो. खाण कंपनीचाच असणार. त्यांना आमच्या जुन्या स्मशानावर खाणीची माती टाकायचीय, आणि स्मशान समितीचा सचिव मी. मुळासकट उपटला.
बायको, बेस्नार्ट, म्हणाली, मुतालेचे बाबा, आधी कसूबाला विचारा, तिनेच लावून दिलाय तो कंप्युटर. कसूबा माझी भाची, लुसाकात समितीच्या वकिलांकडे कामाला. वय चोवीस. तिला मी विचारायचं?

१४ ऑगस्ट
कोर्टासाठी सासूबाईंची जबानी झाली. वय एक्याण्णव. त्या थडग्यांवर ना दगड, ना नाव. कोण कुठे पुरलंय हे सांगणाऱ्या आता त्या एकट्याच. बेस्नार्टला त्यांनी बाहेर पाठवलं. म्हणाल्या, तुझ्या दोन भावांचं सांगायचंय, तू रडलीस तर माझ्याच्याने बोलवणार नाही.
तीन तास बोलल्या. सगळं थेट कंप्युटरवर रेकॉर्ड. एकदाही अडकला नाही. मोहीम यशस्वी.

१६ ऑगस्ट
कसूबाचा फोन. मामा, आजीचं रेकॉर्डिंग अजून पोचलं नाही, पाठवणारा प्रोग्रॅम चालू आहे ना? म्हटलं, नेट मंद आहे, बाकी सगळं माझ्या ताब्यात. तिने प्रोग्रॅमचं नाव सांगितलं. अक्षरं ओळखीची वाटली.
परत चालू करायला गेलो. 'सापडत नाही.' माझं काम पक्कं असतं.
ती म्हणाली, मग निदान पेन ड्राइव्हवर तरी उतरवून ठेवा. म्हटलं, सोमवारी बाजारात गेलो की ड्राइव्ह आणीन.

१९ ऑगस्ट, सोमवार
समितीची सभा लांबली. बाजार राहिला.

२० ऑगस्ट
सासूबाई पहाटे गेल्या. झोपेतच.

२२ ऑगस्ट
पुरून आलो. नव्या स्मशानात. त्यांना जुन्यात, मुलांजवळ जायचं होतं. बेस्नार्टला धीर म्हणून सांगितलं, आईंचा आवाज आपल्याकडे सुखरूप आहे.

२४ ऑगस्ट
चौदा तासांनी वीज आली, ती एकदम झटक्याने. कंप्युटरमधून जळका वास. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि नुसतं विचारलं, दुसरीकडे कुठे ठेवलं असेलच ना? वीज मंडळाला कडक पत्र लिहिणार आहे.

२ सप्टेंबर
स्मशानाच्या दाव्याची सुनावणी बारा तारखेला. पत्र अजून लिहिलेलं नाही.
दुपारी बेस्नार्ट कागद-पेन्सिल घेऊन समोर बसली. भांडली नाही. म्हणाली, तुम्ही तीन तास आईसमोर बसला होतात. जेवढं आठवतं तेवढं सांगा, मी लिहिते. आधी माझे भाऊ.
म्हटलं, आंब्याचं झाड म्हणाल्या होत्या.
कुठलं?
आठवेना. तीन तास मी ती प्रोग्रॅमची यादी बघत होतो, बंद केलेलं काही परत चालू होतंय का म्हणून. त्यांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. हे तिला सांगितलं नाही. शेवटी ती कागद घडी करून उठली.
कागदावर एवढंच: आंब्याचं झाड. जुन्या स्मशानात आंब्याची चाळीस झाडं आहेत.