अकरा जणींचा पिक्चर

आई,

तू पिक्चर बघितला नाहीस. मोबाईल तुझ्या हातात दिला होता मी, बोट लावलं की सुरू होणार होता. तू पदराला हात पुसलेस, मोबाईल घेतलास, उलटा-सुलटा करून बघितलास आणि मला परत दिलास. तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या पिक्चरबद्दल कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी मला लिहिलं, कौतुकं केली, आणि दर वेळी मला तो परत आलेला मोबाईलच आठवला. घरात आपण ज्या बोलीत बोलायचो ती मला लिहिता येत नाही, म्हणून हे तुझ्या बाजारातल्या मराठीत लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं तेही माहीत आहे. असू दे.

२०१५ च्या उन्हाळ्यातली एक दुपार. चिखल्याचं आपलं स्वयंपाकघर, तू जवळा पाखडतेयस, त्याची कुसळं माझ्या डोळ्यांत जातायत, आणि मी उंबऱ्यात बसून तुला समजावतेय की आमच्यासारखी, मागे कुणी शेठ नसलेली माणसं पिक्चरला पैसे कसे उभे करतात. इंटरनेटवर एक पान करायचं. त्यावर आपण काय बनवणार ते सांगायचं. ज्याला पटेल तो घरबसल्या पैसे पाठवतो. पंचेचाळीस दिवसांची मुदत असते; ठरवलेला आकडा गाठला तर पैसे आपले, नाही गाठला तर ज्याचे त्याला परत. तू सूप थांबवलंस. "अनोळखी माणसं देणार?" हो म्हटलं. "आणि पिक्चर झाला की तो कोणाचा?" माझाच की, मी म्हटलं, देणाऱ्यांची नावं शेवटी येतात आणि त्यांना तो घरी बघायला मिळतो. "वा गं वा," तू म्हणालीस, "नुसत्या नावावर भागवतेस लोकांना. माझ्यापेक्षा धंद्यात हुशार निघालीस." पिक्चर तुमच्याच खळ्यावरचा होता, तुम्ही अकरा जणी जिथे बोंबील सुकवायचात तिथला, आणि त्याचंच तुला सगळ्यात हसू यायचं. "एसटीत पाटी घेऊन चढलो की कंडक्टर नाक दाबतो. आणि ह्याचा पिक्चर बघायला लोक पैसे देणार!"

लोकांनी दिलेही, पण पुरेसे नाही. शेवटचे पाच दिवस उरले तेव्हा मी रोज डहाणू रोड स्टेशनजवळच्या कम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसायची, पान उघडायची, आकडा तिथेच. घरी येऊन तुला म्हटलं, गेलं सगळं, मिळालेलंही परत जाणार. तू अशी भडकलीस! "रडतेस कसली? लिलावात एकीला माल झेपत नाही तेव्हा आम्ही काय घरी जाऊन रडतो?" ते मी लहानपणापासून बघत आले होते. एकीला झेपत नसेल तर चारपाच जणी मिळून माल उचलायच्या, मग वाळूवर त्याचे सारखे ढीग घालायच्या. एकीने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसरीने एका ढिगाला हात लावून विचारायचं, हा कोणाचा? पाठमोरी एक नाव घ्यायची, तो ढीग तिचा. भांडणाला जागाच नाही. आणि सगळ्या हजर असल्याशिवाय कुणी ढिगाला हात लावायचा नाही. एकदा तुमच्यातली एक जण पोराला घेऊन डहाणूला दवाखान्यात गेली होती, तर तुम्ही तिच्यासाठी दोन तास उन्हात बसून राहिलात. मासळी नरम पडायला लागली तरी उठला नाहीत. मी शाळेतून येऊन भुकेने नुसती किरकिर करत होते.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर दहा पाट्या मांडलेल्या. दहा जणींनी पावसाळ्यासाठी घरात ठेवलेल्या सुक्या मासळीतली एकेक पाटी काढून दिली होती, आणि अकरावी तुझी. टेम्पोत घालून आपण तलासरीच्या आठवडे बाजाराला गेलो. आगोटीचे दिवस, पावसाळ्याची बेगमी करायला पार वेवजीकडून माणसं आलेली, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. मी कितीतरी वर्षांनी तुझ्या शेजारी मासे घेऊन बसले होते आणि मला, खरं सांगते, लाज वाटत होती. कुणी ओळखीचं दिसलं की मी खाली बघायची. हद्दीपलीकडचा एक गुजराती व्यापारी आला, "मासी, बधुं केटलामां आपशो?" म्हणाला, म्हणजे सगळं कितीला देणार. तू त्याच्याच भाषेत त्याला असं काही सुनावलंस की तो मुकाट्याने तू सांगितलेल्या भावात दोन पाट्या घेऊन गेला. दुपारपर्यंत सगळं खपलं. पैसे रुमालात बांधून तू माझ्या हातात दिलेस आणि वरून माझी मूठ दाबलीस. "अकरा वाटे आहेत ह्यात. ध्यानात ठेव."

आता माझी चूक ऐक. त्या वेबसाईटला रुमाल चालत नव्हता. तिला कार्ड लागायचं, ईमेल लागायचा, आणि तुमच्यापैकी एकीकडेही ते नव्हतं. माझ्याच पानावर मला स्वतःला पैसे भरता येत नव्हते. म्हणून मुंबईच्या एका मित्राला सांगितलं, त्याने रुमालात होती तेवढी सगळी रक्कम आपल्या कार्डावरून एकदम भरली. आकडा गाठला. मी दुकानात नाचले. पुढे दीड वर्षाने पिक्चर पुरा झाला तेव्हा शेवटच्या नावांसाठी वेबसाईटवरची यादी उचलली आणि जशीच्या तशी लावली. त्यात मित्राचं नाव होतं. तुमची अकरा नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पिक्चर ऑनलाईन दाखवणाऱ्या कंपनीकडे फाईल गेली होती. परत मागवायची म्हणजे सगळी फाईल नव्याने काढायची, ठरलेली तारीख पुढे ढकलायची. तेव्हा मनात काय आलं ते लपवत नाही. मनात आलं, शेवटची नावं वाचतं कोण? आणि ह्या बायकांना कुठे वाचता येतं? तुझ्याबद्दल असा विचार केला मी, आई. त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "सगळ्यांची नावं घातलीस ना?"

"घातली," मी म्हटलं.

मग २०१७. पिक्चर लागला, मी मोबाईल घेऊन धावत चिखल्याला आले आणि तू तो परत दिलास. "अकरा जणी आहोत आम्ही. मी एकटीने आधी कसा बघू?" मी म्हटलं, आई, तो काही संपत नाही, हव्या तितक्या जणींनी हव्या तितक्या वेळा बघावा. तुला ते पटलं नाही. "होळीला सगळ्या घरी असतात. देवळासमोर पडदा लाव, सगळ्या मिळून बघू." तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण गावातल्या पोरींना येत होतं. पडद्यावर नावं सरकणार, कुणीतरी मोठ्याने वाचणार, आणि त्यात तुम्ही नसणार. मी तुला करार सांगितला. दोन वर्षं कंपनीच्या परवानगीशिवाय कुठेही पडदा लावून दाखवायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. "मग विचार की त्यांना. तोंड दिलंय ना देवाने?" आठ दिवसांनी मी फोन करून सांगितलं, विचारलं गं, नाही म्हणाले. तू माझीच समजूत घातलीस. त्यांचाही धंदा आहे, दोन वर्षं काय, बघता बघता जातील. आणि मग, जेवलीस का?

दोन वर्षं पुरी व्हायला सात महिने होते तेव्हा तू गेलीस. साध्या तापाचं निमित्त झालं, मी पोचेपर्यंत सगळं आवरलेलं होतं.

२०१९ मध्ये करार संपला. मी नावं नव्याने घातली, अकराच्या अकरा. त्यासाठी घरोघर फिरून पूर्ण नावं विचारावी लागली, कारण माझ्यासाठी सगळ्या जन्मभर कुणाची तरी आई नाहीतर नुसती मावशी होत्या. देवळासमोर पडदा लावला. दहाही जणी आल्या. बोंबील दिसले की हसत होत्या, तू दिसलीस की पदर डोळ्यांना लावत होत्या. तू बोलतेस तो सगळा भाग मी पडद्याकडे पाठ करून काढला. संपल्यावर आपल्या शेजारची मावशी, तुमच्यातली सगळ्यात थोरली, माझा हात धरून म्हणाली, "तुझी आई सांगायची आम्हाला. पोरगी त्या कंपनीवाल्यांच्या किती मागे लागली, रडली, पाया पडली, पण मेल्यांनी ऐकलं नाही." आई, मी रडले असं मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. पाया पडले असंही नाही. ते तू पदरचं घातलंस, मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून. तुला कळलं होतं का गं? मावशीला मी म्हटलं, "हो ना मावशी, ऐकलंच नाही त्यांनी."

विचारलंच नव्हतं मी, आई. ना फोन, ना मेल. पुढे त्याच कंपनीतली एक बाई एका ठिकाणी भेटली, तिला गावाचं सांगितलं तर ती हळहळली. म्हणाली, अहो, गावात दाखवायला कोण नाही म्हणेल, दोन ओळी लिहायच्या होत्यात.

त्या दहा जणींपैकी आठ जणी अजून आहेत. मी चिखल्याला जाते, त्यांच्याकडे चहा पिते, निघताना त्या पिशवीत जवळा कोंबतात आणि कंपनीला शिव्या देतात. मी ऐकून घेते आणि परत येते. हे सगळं खरं तर त्यांच्यापुढे बसून बोलायला हवं. तेवढी छाती माझ्यात नाही. तू काही बोलणार नाहीस, म्हणून तुला लिहिलं.