शब्दकोशाचा शेवटचा खंड

ती. आईस,
इतक्या लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबा गोळ्या घेतात की अजून उशीखाली दडवतात?

तू शेजारणींना सांगतेस, लेक राष्ट्रीय ग्रंथालयाची पुस्तकं छापते. खरंच आहे ते. प्रकाशन विभागाच्या दारावर माझ्याच नावाची पाटी आहे. पण काल वरून आदेश आला, एका विरत चाललेल्या बोलीच्या शब्दकोशाचा शेवटचा खंड छापायचा नाही. वाचणार कोण, म्हणे. मी भांडले, विनवण्याही केल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या कोशाचे संपादक, म्हातारे आजोबा, नेमके आज तपासलेली पानं घेऊन आले. ती बोली बोलणारं त्यांच्या घरात आता दुसरं कुणी नाही. मी चाचरत सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार, बाई? निदान चुका दुरुस्त करून ठेवू. पुढे कुणी उघडलंच, तर चुकीचं शिकायला नको."

मग दुपारभर आम्ही न छापायच्या पुस्तकातल्या चुका काढत बसलो. मध्येच एका शब्दावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा म्हणून बघा." मी म्हटला. त्यांनी हळूच पुन्हा म्हणून दाखवला. मी परत चुकले. तिसऱ्यांदाही जमेना, तेव्हा "असू दे" म्हणत त्यांनी पान उलटलं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
थोरली