पांढऱ्या कापडाची कात्री

धरमपेठ, नागपूर
सोमवार

प्रिय अबोली,

मी पत्र लिहायला बसलोय हे पाहून तुझी आई म्हणाली, अहो, फोन कशाला घेतलाय मग? तिला काय सांगू? फोनवर आपलं बोलणं गोळ्यांपासून सुरू होतं आणि गोळ्यांपाशीच संपतं. बीपीची घेतली का, घेतली, बरं, आईला द्या. दोन वर्षं हेच चाललंय. तक्रार करत नाही, तुझ्या जागी मी असतो तर एवढंही विचारलं नसतं. पण येत्या रविवारी मला चारचौघांत उभं राहून बोलायचं आहे, आणि त्याची मला फार भीती वाटते आहे. हसू नकोस. माइक दिसला की तुझ्या बाबांना कंठ फुटतो, हे तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस. या वेळी तसं नाही.

घरचं सांगतो आधी. आईचा गुडघा थंडीत फार ठणकतो, पण सकाळचं फिरणं सोडत नाही. मागच्या गल्लीतल्या विश्वनाथरावांनी घर बिल्डरला दिलं, त्यामुळे दिवसभर धूळ आणि धडधड. दुकान ठीक आहे. तू बंगळूरला गेलीस त्यानंतर महिन्याभरात मी व्यापारी मंडळाचा अध्यक्ष झालो, हे तुला आईनं सांगितलंच असेल. तू अभिनंदन केलं नाहीस आणि मीही त्याची वाट पाहिली नाही. निवडणुकीच्या पत्रकावर माझ्या फोटोखाली छापलं होतं, ‘सचोटी आणि माणुसकी’. त्या पत्रकाचा एक गठ्ठा अजून माळ्यावर पडून आहे. परवा काहीतरी शोधताना तो हाताला लागला आणि मी शिडीवरच बसून राहिलो.

देवराव गेले, अबोली. मागच्या सोमवारी सकाळी, इथल्याच दवाखान्यात. तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. तुझा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. आईलाही मीच म्हटलं, मी सांगतो, तू नको सांगू. तुझे देवरावकाका गेल्याचं माझ्या तोंडून ऐकायला तुला आवडणार नाही असं वाटलं.

तुला ते आपल्या दुकानात पांढऱ्या कापडाच्या फडताळापाशी उभे असलेलेच आठवत असतील. एकतीस वर्षं त्यांनी ते सांभाळलं. गांधीबागेत रंगीत कापड कुणीही विकतो गं, पांढरं विकायला माणूस लागतो, असं तुझे आजोबा म्हणायचे. आपलं घराणं मुळात भोसल्यांच्या कचेरीत लेखण्या झिजवणाऱ्यांचं, त्यात एकटे आजोबा दुकानदार निघाले, पण त्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला: मर्तिकाचं गिऱ्हाईक आधी. लग्नाचा बस्ता चालू असला तरी तो थांबेल. कुणासाठी म्हणून विचारायचं नाही, आणि निघताना ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही. देवरावांनी त्यात स्वतःची एक गोष्ट घातली. आपण सगळे कापडाला कात्रीनं जराशी चीर देतो आणि टर्रकन फाडतो, धाग्याला सरळ जातं आणि वेळही वाचतो. देवराव मर्तिकाचं कापड कधीच फाडत नसत. कात्रीनं कापायचे, सावकाश, या काठापासून त्या काठापर्यंत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “भाऊ, ज्याच्या घरी माणूस गेला, त्याले तो आवाज सहन नाही होत. माह्या मायच्या वेळी मी आयकला हाय.” मी तेव्हा मान हलवली आणि विसरलो. तू विसरली नाहीस. सात वर्षांची असताना बाहुली हरवली म्हणून तू तिच्यासाठी हातभर पांढरं मागितलंस, आणि देवरावांनी तेही कात्रीनंच कापून दिलं होतं.

त्या दिवाळीतल्या दिवसाचा विषय मी दोन वर्षं कुणाजवळ काढलेला नाही. तू तिथेच होतीस, गादीवर माझ्या शेजारी बसून फराळाची पाकिटं भरत होतीस. तरी मला तो एकदा लिहू दे, कारण मी तो माझ्या मनातही कधी सरळ मांडला नाही. नेहमी कुठेतरी माझ्या बाजूनं वळवला.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. देवरावांपुढे एक माणूस उभा होता, हाताला सिमेंट लागलेलं, पायात काही नाही. बायको गेली होती त्याची. तेवढ्यात आपल्या भागातले पुढारी महादेवराव आले, मागे पाच-सहा कार्यकर्ते. सत्काराच्या फेट्यांसाठी पांढरं हवं होतं. आणि मंडळाच्या निवडणुकीत त्यांनी नुसती मान हलवली असती तरी चाळीस मतं इकडची तिकडे झाली असती. देवरावांनी मान वर करून नम्रपणे सांगितलं, “दोन मिनिटं थांबा जी, या भाऊले पहिले देऊ द्या.” आणि कात्री चालूच ठेवली. महादेवराव माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “काहो वसंतराव, या दुकानाचा मालक कोन हाय?”

मला हसून म्हणता आलं असतं की साहेब, नियम माझ्या बापाचा आहे, मीही त्याच्यापुढे नोकरच. त्यांनी ऐकलंही असतं, इतका वाईट माणूस नाही तो. पण मी गादीवरून ओरडलो. देवराव, साहेबांची माफी मागा. आणि तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणालो, हात जोडून मागा.

देवरावांनी आधी कापड पुरं कापलं. घडी घातली, त्या माणसाच्या हातात दिली. मग वळले आणि हात जोडले. जन्मभर ताठ मानेनं ‘जयभीम’ म्हणणारा माणूस, एकतीस वर्षांत माझ्यापुढेही कधी वाकला नव्हता, मीही कधी वाकवला नव्हता. आणि ते पाहून तो दुसरा, पांढरं कापड काखेत धरून उभा असलेला, त्यानंही हात जोडले. “माह्याच्यानं उशीर झाला जी साहेब,” म्हणाला. बायको मेलेल्या माणसानं माझ्या दुकानात माफी मागितली, बाळा. महादेवराव खाली बघायला लागले. लाज त्यांनाही वाटली. मी मात्र त्यांच्यासाठी चहा मागवला.

तू हातातलं पाकीट खाली ठेवलंस आणि उठून बाहेर गेलीस. भाऊबीज व्हायच्या आतच बंगळूरला निघालीस. स्टेशनवर तू माझ्या पाया पडलीस, पण तोंडाकडे पाहिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी देवरावांचा फोन आला. “भाऊ, आता गुडघे साथ नाही देत. गावाले जातो म्हणतो.” खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. कारण ते आले असते तर रोज त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं. मी अडवलं नाही, काही विचारलं नाही, तब्येत सांभाळा म्हणालो. ते कुहीजवळ त्यांच्या गावी जाऊन राहिले, थोडी धानाची शेती होती ती बघत. इथून तास-सव्वा तासाचा रस्ता. या दोन वर्षांत मी अध्यक्ष म्हणून कुठेकुठे हार घालून घ्यायला गेलो, पण कुहीचा रस्ता काही मला सापडला नाही.

मागच्या सोमवारी दुकान उघडलं आणि तासाभरात एक तरुण माणूस आत आला. मी ओळखलं नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहून मला वाटलं, हे पांढऱ्याचं गिऱ्हाईक. मग तोच म्हणाला, “काका, मी प्रशिक. बाबा गेले सकाळी. कापड आपल्याच दुकानातून न्याचं असं सांगून ठेवलं होतं त्यांनी.” प्रशिक म्हणजे त्यांचा मुलगा, लहानपणी त्याला तुझी जुनी पुस्तकं जायची, तो. आता कुहीच्या शाळेत शिक्षक आहे. मी गादीवरून उतरलो. नव्या लोकांना बाजूला केलं आणि स्वतः पांढऱ्याशी गेलो. एवढं तरी आपल्या हातानं करू म्हटलं. तागा उलगडला, मोजलं, चार बोटं जास्त धरलं, कात्रीनं चीर दिली, आणि अबोली, मी ते फाडलं. टर्रकन. सवयीच्या हातानं. प्रशिकनं डोळे मिटले होते. तो म्हणाला, “असू द्या काका.” मी हात धुवायचं निमित्त करून मागे गेलो आणि खूप रडलो. तुझे आजोबा गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो. बाहेर आलो तोवर तो निघून गेला होता. आणि मी तेव्हाही त्याच्या मागे गेलो नाही.

आता पत्र का लिहितोय ते सांगतो. काल प्रशिक घरी आला. रविवारी त्यांच्या गावी, बुद्धविहाराच्या अंगणात, देवरावांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, त्याचं सांगायला. चहा घेताना म्हणाला, “काका, दोन शब्द तुम्हीच बोला. बाबा नेहमी सांगत, शेवटच्या दिवशी भाऊंनी दुकानात सगळ्यांसमोर मले हात जोडले, म्हणे देवराव, लय केलं तुम्ही, आता आराम करा. असा मालक लोकाईले भेटत नाही म्हणत.” तुझी आई हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी काय बोललो असेन ते तुला ठाऊकच आहे. हो म्हणालो. कोण कुणापुढे हात जोडून उभं होतं ते देवरावांनी घरी उलटं करून सांगितलं, आणि त्या खोट्यात मला चांगला माणूस करून ठेवलं. स्वतःची लाज झाकली, की माझी, की पोराच्या मनात माणसांविषयी कडूपणा नको म्हणून, मला ठरवता येत नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. रविवारी मी गप्प राहिलो तर ते लोक मला शाल घालतील. खरं बोललो तर त्या पोराच्या बापानं जपून ठेवलेली गोष्ट मी त्याच्या डोळ्यांसमोर टर्रकन फाडणार. रात्रभर हाच विचार केला. मला एवढंच सुचतं की जे झालं ते सगळं सांगावं, आणि मग देवरावांच्या फोटोपुढे, सगळ्यांसमोर, हात जोडावेत. म्हणजे त्यांनी सांगितलेलं उशिरा का होईना, खरं होईल. पण मी स्वतःला ओळखतो. माइक हातात आला, समोर खुर्च्या दिसल्या, की मी सचोटी आणि माणुसकीवर सुरू होईन आणि लोक टाळ्या वाजवतील. म्हणून तू ये. शनिवारी मी विमानतळावर घ्यायला येतो. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, फक्त पहिल्या रांगेत बस. तुझ्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलता येत नाही. आणि तरीही बोलायला लागलो, तर त्या दिवशी उठलीस तशी ऊठ आणि निघून जा. मग मात्र परत येऊ नकोस.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बाबा