तळपायांची ऊब

भोर, मंगळवार, पौष १९७७

उद्या आबांना ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं. हृदयाजवळची फुगलेली रक्तवाहिनी बदलताना रक्ताचं वाहणं काही वेळ थांबवणार आणि मेंदू शाबूत राहावा म्हणून अंग पार थंडगार करणार. हे आईला उगाच सांगितलं का? आमच्या हिर्डोशीत माणूस गेला का, ते तळपायाला हात लावून बघतात. गार लागले की रडारड.

संध्याकाळी आई आबांच्या तळपायांना तेल चोळत होती. हात थांबवून म्हणाली, "मग हायेत का गेले, ते डाक्टरला कसं कळंल?"

मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. पुन्हा ऊब दिल्यावरच, म्हणाले. आईला मात्र म्हटलं, "कळतं त्यांना."

आबा झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी हळूच तळपाय गोधडीत ओढून घेतले.